माझ्या वाटचा नमस्कार

गाठ कॅन्सरची नाही, हे कळल्यावर घरात पेढे वाटले गेले. मी मात्र मनातून चिडले होते. मणक्यातली ती गाठ साधी होती, पण नसेच्या इतकी जवळ की काढायला गेलं तर हात लुळा पडायची भीती. म्हणजे मानेचं दुखणं जन्माचं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट; मानेच्या तपासणीसाठी तेव्हा आम्हाला सांगलीहून पुण्याला जावं लागलं होतं. जो तो म्हणे, देवाची कृपा. कृपाच करायची होती तर गाठ दिलीच कशाला, असं देवघरासमोर विचारून मी पूजा सोडून दिली. खरं सांगायचं तर रागापेक्षा थकवाच जास्त होता. गळ्यातला पट्टा, उशी इकडून तिकडे करत काढलेल्या रात्री, सगळ्याचा वीट आला होता.

सासूबाईंनी नवस बोलला होता, गाठ साधी निघाली तर सुनेचं डोकं साताऱ्याकडच्या आमच्या खंडोबाच्या उंबऱ्यावर टेकवीन. आमच्याकडे ज्याच्यासाठी नवस, त्यानंच डोकं टेकावं लागतं. त्यांचं मन मोडवेना, म्हणून एसटीचे धक्के खात गेले. उंबऱ्यापाशी वाकले आणि अशी कळ गेली की भिंत धरून रडायलाच लागले. देवापुढे वाकताही येत नाही, आता त्याचा माझा संबंध संपला, असं वाटलं.

मागे एक म्हातारी धनगरीण उभी होती, जतकडून मेंढरं घेऊन आलेली. म्हणाली, "आवं बाई, वाकू नगासा. तुमचं मी टेकवते की."

सासूबाई गोंधळल्या. "असं कसं चालंल, मावशी?"

"न चालायला काय झालं? माझी ल्येक बाळंतपणात पडून हुती, तवा तिचं बी मीच टेकवलं. त्येला काय, डोकं कुणाचं का आसंना."

तिनं एकदा कपाळ टेकवलं, पुन्हा टेकवलं, आणि उठून मला भंडारा लावला. "ह्ये दुसरं तुमचं. आता उभ्यानंच बघा त्येच्याकडं."

मी पाहिलं. लग्न झाल्यापासून कितीदा तिथं आले होते, पण डोळे मिटून मागायचं आणि निघायचं. देवाचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. काही मागावंसं वाटलं नाही.

मान आजही दुखते. ती का दुखते, हे मी आता त्याला विचारत नाही. सगळं आपणच पेलायचं नसतं, एवढं त्यानं त्या माउलीकडून कळवलं, त्याचे उपकार मानते. खंडोबाहून परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी केस विंचरायला हात वर जाईना, तेव्हा कुणाचीही मदत न घेणारी मी, सासूबाईंच्या पुढ्यात बसले आणि फणी त्यांच्या हातात दिली. वेणी घालता घालता मागून त्यांचा हुंदका ऐकू आला. मला वळून पाहता येत नव्हतं, म्हणून मी त्यांचा गुडघा धरला.