मामंजींची तिसरी पाकळी

परवा कुळीथ निवडायला घेतले होते. अर्धे झाले असतील, तेवढ्यात सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "सूनबाय, देवळात चल. तुझ्या मामंजींनी देवाक घोळात घातल्यान."

सूप तसंच ठेवून मागोमाग गेले.

आमचे मामंजी धाकू घाडी, वय बहात्तर. संपात गिरणी सुटली, पण विक्रोळीच्या आमच्या चाळीत त्यांचा मान सुटला नाही. कोणाचं लग्न असो, नवी खोली असो, देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं ते मामंजींनीच. आवाज असा की देवाला झोप लागली असली तरी मोडावी.

गेल्या आठवड्यात कळलं, शौचाच्या जागेच्या अगदी जवळ गाठ आहे, कॅन्सरची. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. एक, मोठं ऑपरेशन. तो भाग काढायचा, पोटावर कायमची वाट करायची, वर पिशवी. दुसरी, खालूनच गाठ कोरून काढायची. त्रास कमी, पण मूळ राहिलं तर पुन्हा वाढणार. तिसरी, नुसते विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन. "वयाला भिऊ नका," डॉक्टर म्हणाले, "आजोबांचं हृदय चांगलं आहे, चालतात-फिरतात. गाठ खोल गेलीय, माझं मत मोठ्या ऑपरेशनला."

मामंजी म्हणाले, "देवाक इचारतंय."

देवळात बघते तर मामंजींनी मूर्तीला तीन ओल्या पाकळ्या लावलेल्या! कौलाची रीत आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मामंजींनी उजवी मोठ्या ऑपरेशनची धरली, डावी कोरण्याची, आणि तिसरी कपाळावर चिकटवली होती, शेकांची. आणि पडली होती नेमकी तीच.

"आता ह्येचो अर्थ काय?" मामंजी.

"अर्थ असो, की देवान डोक्याक हात लावल्यान," सासूबाई म्हणाल्या. "देवाक उजवा-डावा कळता. तुमी त्येका डॉक्टर करूक निघालात!"

मी हळूच विचारलं, "मामंजी, खरं काय खुपतंय?"

ते हळू आवाजात, जो त्यांना असतो हे मला ठाऊक नव्हतं, म्हणाले, "पोटार पिशवी बांधून देवाफुडे उभो कसो रवू? गाऱ्हाणा कोण घालतलो मगे?"

"आजपर्यंत पोटात काय अत्तर होता?" सासूबाई कडाडल्या. "ताच घेवन उभे रवत होतात. आता भायर दिसतला, इतक्याच!"

मामंजींना हसू आवरेना. मग म्हणाले, "बरा. ह्याच इचारतंय."

या वेळी दोनच पाकळ्या. पिशवीसकट गाऱ्हाणं चालेल का, एवढाच प्रश्न. पाकळ्या भिजवून सासूबाईंनी दिल्या. डावी मला जरा जास्तच ओली, घट्ट चिकटेलशी वाटली. उजवी पडली. मी देवाला हात जोडले, सासूबाईंकडे पाहिलं नाही.

ऑपरेशन सोमवारी. पिशवीची जागा डॉक्टर आज पेनाने आखत होते, तर मामंजी त्यांनाच सांगतात, "नाडीच्या जरा वर ठेवा. देवाफुडे लेंगो सुटाक नको."

कुळीथ अजून सुपातच आहेत. आता स्टेशनजवळच्या दुकानातून मामंजींच्या सैल लेंग्यांसाठी मांजरपाट आणायला जाते.