हेमराजसरांनी कापलेल्या जाहिराती

केळझरच्या तानबाचा हेमराज म्हणजे मोजल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत बसला तरी आधी पत्रावळी मोजायचा. २००६ साली वर्ध्यात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. पवनारची गुंजन तिथं यायची. बापानं, पुंडलिकरावांनी, तिला बजावलं होतं, "कोर्स सरेवर थांबतो. नोकरी लागली त ठीक, नाई त पोरगा पाहून ठेवला आहे."

तेव्हा वेबसाइट उभी करायचे तयार सांगाडे निघाले होते, फ्रेमवर्क म्हणत त्यांना. गुंजननं विचारलं, "सर, स्ट्रट्स शिकू का रेल्स? जास्त कोणतं चालते?"

दुसरा असता तर तोंडाला येईल ते सांगून मोकळा झाला असता. हेमराजनं रद्दीतून नागपूरच्या पेपराचे चार महिन्यांचे रविवार उचलून आणले, नोकरीच्या जाहिराती कापून फळ्यावर डकवल्या. रेल्स अठरा, स्ट्रट्स चार.

"आता मले काऊन विचारतं? फळा पाय."

गुंजन रेल्सला बसली. फळा दर रविवारी वाढत गेला.

आता हेमराजचं शहाणपण ऐका. जाहिरातीखालची कंपनीच्या नावाची अन् फोन नंबराची पट्टी तो आधीच कापून डब्यात टाकायचा. पोरं अर्धा कोर्स सोडून परस्पर अर्ज करतात, हा धसका सगळ्याच क्लासवाल्यांना.

आठ महिन्यांनी कोर्स संपला. त्यानं मोठ्या ऐटीत रेल्सच्या पन्नास पट्ट्या तिच्यापुढं ओतल्या. "घे. लाव फोन."

पहिलाच लागला. तिकडचा माणूस म्हणाला, "जागा एकच आहे ताई. कोणी टिकत नाई, म्हणून पदाचं नाव बदलून दर रविवारी छापतो. परवाच भरली."

तिनं दुसरी पट्टी उचलली. तोच नंबर. तिसरी, तोच. पन्नासातल्या सत्तेचाळीस त्याच्याच. उरलेल्या तीन पुण्याच्या, आणि पुण्याला पुंडलिकराव काही धाडणार नव्हते.

हेमराजनं स्ट्रट्सच्या पट्ट्या काढल्या. अकरा. अकराही नंबर वेगळे, नऊ नागपूरचे.

"हे शिकून घे गुंजन. सहा महिने. फी नको देऊ."

गुंजननं ओढणी सावरली, वही उचलली. "सहा महिने तुमच्याजवळ आहेत, सर. माह्या बापाजवळ नाईत. शुक्रवारी पाहुणे येऊन राह्यले."

हेमराज पट्ट्या गोळा करत बसला. ती गेल्यावर त्यानं त्या पुन्हा मोजल्या.