छतातली चार भोकं

माझे सासरे व्यंकटरमण राव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. ओव्हरसियरचं कधी चुकत नाही, हे लग्न होऊन कोल्हापूरहून तंजावुरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला कळलं. तीस वर्षं त्यांनी खात्याच्या उघड्या जीपमध्ये उभं राहून पापनाशमकडचे कालवे तपासले होते. निवृत्त झाल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, शेतासाठी पिकअप घ्यायचं ठरलं. त्यांची अट एकच, छत उघडलं पाहिजे. "नाहीतर गाडी नक्को मज, डब्बा आहे तो!" असं तंजावुरी मराठीत म्हणायचे.

तिरुचीचा डीलर म्हणाला, कंपनीचं सनरूफ फक्त वरच्या मॉडेलला मिळेल, तेही आठ महिन्यांनी. ओरत्तनाडू रस्त्यावरचा, गाड्यांचं पत्राकाम करणारा नटराज टिंकर म्हणाला, साधी गाडी घ्या, चेन्नईहून काच मागवतो, पंधरा दिवसांत छत कापून बसवतो. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. कंपनीचं म्हणजे खात्रीचं, अशी मामंजींची श्रद्धा, पण थांबायची सवय नाही. शेवटी त्यांना हवी होती तेवढी मोठी खिडकी कापायला नटराजनं चक्क नकार दिला. "मधली आडवी पट्टी कापली तर छत लुळं पडेल, सार. पट्टीच्या पुढंच कापीन." मामंजींना 'नाही' म्हणणारा माणूस कुणी पाहिलाच नव्हता. त्यांनी काम त्यालाच दिलं.

नटराजला या कामाची फार आस होती. गावात गाड्यांची नवी शोरूम उघडत होती आणि तिचे मालक कृष्णमूर्ती बॉडीकामाला मिस्त्री शोधत होते. मामंजींच्या ओळखीचे होते ते. ही गाडी बघून ठरवू, असं त्यांनी सांगितलं होतं.

काम सुरेख झालं. गाडी देताना नटराज समजावत होता की काचेच्या कडेनं थोडं पाणी आत येणारच, ते चौकटीखालच्या पन्हळीत उतरतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून चाकांपाशी गळून जातं. मामंजी मान हलवत होते, पण लक्ष सगळं बटणाकडे. घरी आल्यावर त्यांना पन्हळीत चार भोकं दिसली. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं बुजवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला भोक दिसलं की हात शिवशिवणारच. "बुजवाया विसरला बघ," म्हणत त्यांनी अंगठ्यानं दाबून दाबून चारही भोकांत पुट्टी भरली. मी शेजारीच उभी होते. मलाही ते शहाणपणच वाटलं.

ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या पावसात आम्ही पापनाशमला लग्नाला निघालो. रेल्वे फाटकाशी मामंजींनी ब्रेक दाबला आणि पन्हळीतलं सगळं पाणी सासूबाईंच्या रेशमी साडीवर ओतलं गेलं. मामंजींनी गाडी वळवली ती थेट नटराजच्या शेडमध्ये, आणि दहा गिऱ्हाइकांसमोर त्याची लाज काढली. "कंपनीचं ते कंपनीचं! तुझ्यासारख्या पत्राकाप्याचं कामच नव्हतं हे!" नटराज आत चढला, छताकडे पाहिलं, खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "माफ करा, सार." त्याच संध्याकाळी मामंजींनी कृष्णमूर्तींना फोन केला. नोकरी दुसऱ्याला गेली.

दोन वर्षं गाडीच्या छतावर ताडपत्री होती. मग एकदा गाडी धुताना कोपऱ्यातली सुकलेली पुट्टी निखळली आणि मामंजींना पुढच्या चाकापाशी पाणी ठिबकताना दिसलं. त्यांनी उरलेली तीन भोकं खिळ्यानं मोकळी केली आणि छतावर बादलीभर पाणी ओतलं. आत थेंब नाही. ते तिथंच चिखलात बसले. मला ओरडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडानं ओरडणार? मीही बघत होतेच की.

दुसऱ्या दिवशी ते कृष्णमूर्तींकडे गेले आणि सगळं सांगितलं. कृष्णमूर्तींना नटराजचं नावही आठवेना. मग मामंजी मला म्हणाले, "तू ये मजबरोबर, एकट्यान होत नाही." नटराजची शेड गेली होती. बस स्टँडमागच्या कुणाच्या तरी दुकानात तो रोजावर खिडक्यांच्या जाळ्या जोडत होता. मामंजींनी भर दुकानात हात जोडले. "चूक माझी होती. भोकं मी बुजवली."

"माहीत आहे, सार," नटराज तमिळमध्ये म्हणाला. "त्या दिवशीच पाहिलं. पुट्टीवर तुमच्या अंगठ्याचा ठसा होता."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढी माणसं होती. घरातल्या बायका होत्या. वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं?"

मामंजी रडले. तीस वर्षं ज्यांच्यासमोर कालव्यावरची माणसं उभी राहायची, ते एका जाळीवाल्याच्या दुकानात लहान मुलासारखे रडले आणि मला त्यांची दयाही आली, रागही आला. नटराजनं हातातली जाळी खाली ठेवली. त्यांना स्टूल दिलं. मग जरा घुटमळत विचारलं, "आता गळत नाही ना, सार?"

"नाही."

"थेंबभरही?"

"नाही रे."

तो पहिल्यांदा हसला.