निर्गुडीच्या तेलातला अनोळखी पदार्थ

गेल्या ऑगस्टमध्ये, प्रबंध जमा करायला अकरा दिवस उरले असताना, माझ्या निर्गुडीच्या तेलात ग्वायाकॉल सापडलं.

लाकूड जळताना निघणाऱ्या धुरात हा पदार्थ असतो. निर्गुडीच्या पानात तो असायचं कारण नव्हतं.

माझा विषय होता मावळातल्या रानवनस्पतींची सुगंधी तेलं: ती कशाकशाची बनलेली असतात आणि ऑक्सिडीकरण किती रोखतात. त्याची चाचणी साधी आहे. जांभळ्या द्रावणात तेल घालायचं. रंग जितका उडेल तितकं तेल प्रभावी. निर्गुडीच्या तेलानं द्रावण पार पिवळं केलं होतं. लोहगडाखालच्या तीन उतारांवरचे तीन नमुने, तिन्हींचे आकडे जुळणारे. प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्यावरच उभं होतं. तेलातले घटक वेगवेगळे दाखवणाऱ्या यंत्राच्या आलेखात एक बारीक शिखर होतं. ते ओळखायचा कंटाळा करून मी ते तक्त्याच्या शेवटी ‘अनोळखी’ म्हणून टाकलं होतं. तेच आता ग्वायाकॉल निघालं.

आधी काचसामानावर संशय घेतला. सगळं पुन्हा धुतलं, नुसतं पाणी उकळून पाहिलं. स्वच्छ. मग द्रावक तपासला. तोही स्वच्छ. दोन दिवस त्यात गेले. माझ्या मार्गदर्शक सरांना काही सांगितलं नव्हतं.

राहिला पाला. तो तोडला होता मी, वाळवला होता लोहगडवाडीत चहा-भज्यांची टपरी चालवणाऱ्या मावशींनी. पुण्यापर्यंत ओला नेला असता तर कुजला असता, म्हणून तिन्ही पिशव्या त्यांच्याकडे ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी लोकलनं मळवलीला उतरले आणि वर गेले.

मावशी कांदा चिरत होत्या.

“पाला कुठं वाळवला होता, मावशी?”

“सावलीत. तूच सांगितलंवतं न्हवं, उनात न्हाई म्हून?”

“सावलीत म्हणजे कुठं?”

“चुलीवर.”

त्यांनी आत बोट दाखवलं. चुलीच्या वर बांबूचा तट्ट्या टांगलेला होता. त्यावर बियाण्याची कणसं, सुकट आणि कुणाचे तरी ओले बूट. सगळं धुरानं काळपट.

“चुलीवर?”

“मंग? आमच्या चुलीवर ऊन कुटं येतं?” शेजारच्या टपरीवरची बाई फिस्सकन हसली. मावशींचं चालूच होतं. “हितं दोरीवरचं लुगडं चार दिस वाळत न्हाई, बाई. तुजा पाला काय आभाळाला टांगू?”

“तिन्ही पिशव्या?”

“व्हय. एका पानाला बुरशी आली असंल तर सांग.”

बुरशी नव्हती. धुरातले असे पदार्थही जांभळा रंग उडवतात, हे मला माहीत होतं. तिन्ही नमुने एकाच चुलीवर होते. म्हणून आकडे जुळले होते.

मावशींनी चहा पुढं केला. “नापास करतील व्हय तुला?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

दुपारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, “हे ‘अनोळखी’ कधीपासून आहे?”

“जुलैपासून.”

त्यांनी कॅलेंडर पुढं ओढलं. प्रकरण काढून टाकलं तर प्रबंध उरत नव्हता. नवा पाला बंद खोलीत पंख्याखाली वाळवायचा, तेल काढायचं, चाचण्या पुन्हा करायच्या. हाताशी आठ दिवस होते. ते पुरले नाहीत.

शेवटच्या तारखेला सकाळी अकरा वाजता मी मुदतवाढीचा अर्ज दिला. सहा महिने मागितले होते. तीन मिळाले.