पस्तीस अंशांपर्यंत चालणारा फोन

"मॅडम, तुमच्या फोनमध्ये पाणी गेलंय," असं काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली, तेव्हा आमच्या घरात बारा दिवस पाणी भरलेलं नव्हतं. आंघोळीचं पाणी पातेल्यात धरून त्यानं फरशी पुसायची, आणि फरशीचं काळं पाणी संडासात ओतायचं, असे दिवस चालले होते. अख्ख्या घरात पाणी कुठं म्हणून नव्हतं, ते फोनमध्ये गेलं होतं. मी आधी हसले. मग इतक्या जोरात भांडले, की मागं नंबर लावून बसलेल्या एका गृहस्थांनी आपली खुर्ची सरकवून घेतली.

ते जायकवाडीच्या मृतसाठ्यातून पाणी उपसायचं वर्ष होतं. धरण तळाला गेलेलं आणि शहर मात्र चारी बाजूंनी फुगत चाललेलं. आमची वसाहत मुकुंदवाडीच्या पुढं, रुळांच्या पलीकडं. काल-परवापर्यंत जिथं ज्वारी होती, तिथं आम्ही घरं बांधून बसलो होतो. आमच्या गल्लीत अकरा घरं, मधेमधे तारेच्या कुंपणाचे मोकळे प्लॉट. पहिलं घर आमचं. शेवटचं, जरा चढावर, एका म्हाताऱ्या जोडप्याचं.

नळ आठव्या दिवशी यायचा, कधी नवव्या. वेळ कुणालाच ठाऊक नसायची. आला की पाऊण तास. पाण्याला दाब नसल्यामुळं प्रत्येकानं फाटकाच्या आत कमरेइतका खड्डा खणून नळ त्यात उतरवला होता. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या लाइनमनकडं बऱ्याच गल्ल्या, तो कुणाकुणाला सांगणार? म्हणून गल्लीनं एक पद्धत पाडली होती. लाइनमननं एकाच नंबरवर फोन करायचा, आणि त्या माणसानं बाकीच्या दहा घरांना कळवायचं. तो नंबर माझा होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, दुपारी मी घरी, आणि माझा आवाज असा की शेवटच्या बाकावरचा जागा होतो. असा माणूस गल्लीला बरा वाटला.

चार वर्षं मी ते काम बटनांच्या फोनवर केलं. तो फोन जिन्यावरून पडला, कणकेत पडला, एकदा धुण्याबरोबर भिजला. मागचं झाकण काढायचं, बॅटरी बाहेर काढून पुसायची, परत बसवायची, की सुरू. आठवड्यातून दोनदा चार्ज केला तरी खूप. मग शाळेत हजेरी फोनवर, सूचना फोनवर, पोषण आहाराचे फोटो फोनवर असं सुरू झालं आणि मला मोठ्या काचेचा फोन घ्यावा लागला. जुना मी माहेरी आईला देऊन टाकला. त्या मूर्खपणाबद्दल मी आजही स्वतःला बोल लावते.

हिवाळाभर नवा फोन शहाण्यासारखा वागला. मार्च लागला आणि त्याचे नखरे सुरू झाले. दुपारी पडद्यावर सूचना यायची, की फोन गरम झाला आहे, त्याला थंड होऊ द्या. पत्र्याखाली चाळीस पोरांना शिकवून मी दोन मैल उन्हातून आलेली असायचे. मलाही कुणीतरी थंड होऊ द्यायला हवं होतं. पण लाड त्याचे. साठ टक्के बॅटरी दाखवता दाखवता एकदम काळा व्हायचा, आणि ऊन उतरेपर्यंत उठायचा नाही.

मग मी त्याला माठाला टेकवून ठेवू लागले. माठाभोवती ओलं फडकं असायचं. फोन भिजू नये म्हणून मी तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचे. दहा मिनिटांत गार व्हायचा. माझी ही युक्ती शाळेतल्या दोन बायकांनीही उचलली, आणि मला तिचा अभिमानच वाटत होता.

एप्रिलमध्ये एका दुपारी माठाशेजारीच तो मेला. लाइनमननं तीनदा फोन केला, मला एकही कळला नाही. अकरा घरांचं पाणी गेलं. पाऊण तास पाइपात पाणी उभं होतं आणि लोक पंख्याखाली पडलेले. संध्याकाळी गल्ली माझ्या फाटकाशी जमली. ओरडलं कुणी नाही. पण मागून एकीचा आवाज आला, "बाईंचं तरी भरलं आसंल." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी फाटक उघडलं, सगळ्यांना माझ्या कोरड्या खड्ड्याकडं बोट करून दाखवलं. लोक गेले. पण दुसऱ्या दिवशी लाइनमनला नवा नंबर दिला गेला. तो शेवटच्या घरातल्या आजोबांचा.

आजोबा रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी रुळांवरून चालण्यात गेलेली, गुडघे तिथंच ठेवून आलेले. त्यांच्याकडं माझ्या जुन्यासारखाच बटनांचा फोन होता. त्याला रबरबँड लावून ते तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. रविवारी चार्ज करायचे, की पुढच्या रविवारपर्यंत बघायला नको. नवं काम त्यांनी ड्यूटीसारखं घेतलं. वहीच्या पानावर दहा नंबर मोठ्या अक्षरात लिहवून घेतले, तेही माझ्याच हातानं.

त्याच आठवड्यात मी जालना रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गेले, आणि वर सांगितलं ते झालं. आतली एक पांढरी पट्टी लाल झाली होती म्हणे. पट्टी लाल म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे वॉरंटी बाद. "मी फोन पाण्याजवळ नेलेलाच नाही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. तिथून बाहेर पडले आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर मला माठ आठवला. गार पिशवी, आत कोंडलेली हवा, त्या हवेतली वाफ. थंड पृष्ठभागावर दव का जमतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल. पण परत वर जाऊन खरं सांगावं, हे काही मनात आलं नाही.

तिथून मी शहागंजला गेले. तिथं एका बोळात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार वयस्क, डोळ्याला भिंग लावून बसलेले. त्यांनी फोन हातात घेतला, आडवा धरून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बॅटरी फूल गई बाजी. गरमी से. ये पानी-बिनी का काम नई." मी म्हटलं, मग बदलून द्या. त्यांनी फोनच्या कडा दाखवल्या. सगळीकडून डिंकानं बंद. "खोल्या तो कंपनी बोलेगी हमने बिगाड्या. पहले उनसे लड लो. ये लोगां खोलने के वास्ते बनातेच नई."

घरी येऊन मी फोनच्या खोक्यातलं चोपडं काढलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हा फोन शून्य ते पस्तीस अंश तापमानात वापरावा. मी ते तीनदा वाचलं. पस्तीस! आमच्याकडं पस्तीस अंश हे सकाळी नऊचं तापमान असतं. म्हणजे मार्च ते जून या गावानं फोन वापरायचाच नाही. पण विकताना कुणी बाहेरचं ऊन बघितलं होतं? दुकानाबाहेर कापडी मांडव घालून, भर उन्हात ढोल वाजवून विकलेला फोन तो. नाचता येईना अंगण वाकडं.

मग मी हट्टाला पेटले. रोजच्या पेपरातला तापमानाचा चौकोन कापायचा आणि फुलस्केपवर तारीखवार चिकटवायचा. शाळेच्या वाचनालयातून मागचे अंकही काढून आणले. चोपड्यातल्या त्या पानाची झेरॉक्स वर लावली. खाली अर्ज, "आपण हा फोन या शहरात विकायलाच नको होता." दर चार-पाच दिवसांनी मी तो गठ्ठा घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचे. पालथ्या घड्यावर पाणी. साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेब पुण्याला.

नवऱ्याची कंपनीत पाळी असायची, आत फोन नेता येत नव्हता. तो एकदाच म्हणाला, "तोवर एखादा साधा बटनांचा घेऊन टाक ना." मी त्याच्यावर उसळले. का घ्यायचा? मी पावती असलेला, वॉरंटी असलेला फोन घेतलाय. त्यांनी फसवायचं आणि आपण गुपचूप दुसरा घ्यायचा, म्हणूनच हे लोक माजलेत. माझ्यापुढं घरात फारसं कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही.

या सगळ्यात पाणी येत होतंच, आठ-नऊ दिवसांनी. आजोबांचे नऊ फोन लागायचे, दहावा माझा बंद. मग ते टोपी घालून, काठी घेऊन, अख्खी गल्ली चालत माझ्या फाटकाशी यायचे आणि काठीनं कडी वाजवायचे. "बाई, पाणी सुटलं." मी "व्हय, कळलं" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत.

"आजोबा, या उन्हात कशाला येता? शेजारच्यांना फोन करा, ते सांगतील मला."

"निरोप तिसऱ्याच्या हाती देऊ नाय बाई," ते म्हणाले. "रुळावर लई माणसं गेलीत त्यापायी. ज्याचा त्याला सांगायचा, आन् त्याच्या तोंडून ऐकायचा."

मला ते फार आवडलं. शिक्षकांच्या खोलीत मी ते सांगितलंही. त्यांच्या घरी मोटर नव्हती, त्यांचं घर चढावर, सगळ्यांच्या टाक्या भरत आल्या की शेवटी दहा-बारा मिनिटं त्यांच्याकडं बारीक धार यायची. हे मला माहीत होतं. माहीत असून मी फक्त कौतुक करत होते.

मे संपता संपता सर्व्हिस सेंटरचे साहेब एकदाचे जागेवर सापडले. दुपारची वेळ, त्यांच्या खोलीत एसी. मी टेबलावर गठ्ठा उलगडला. एका खाली एक, साठ-पासष्ट चौकोन, सगळे पस्तिसाच्या वर. माझ्या मागं आणखी सात-आठ जण उभे राहिले होते, त्यांचेही फोन असेच दुपारी मरत होते. एकानं त्या कागदांचा फोटो घेतला. साहेबांनी तो फोटो घेणारा पाहिला, घाम नसताना कपाळ पुसलं आणि आतल्या माणसाला हाक मारली. दीड तासात नवी बॅटरी बसवून मिळाली, फुकट, वर कागदावर सही-शिक्का. लोकांनी माझ्यासाठी वाट करून दिली. मी रिक्षात राणीसारखी बसले.

रिक्षातच फोन चालू केला. एकामागून एक निरोप पडले. बंद असताना एकाच नंबरवरून सहा वेळा फोन आला होता. आजोबांचा नंबर. म्हणजे पाणी येऊन गेलं होतं, सातव्याच दिवशी. घराला कुलूप, नवरा कंपनीत. आता पुढचे आठ दिवस. मी रिक्षातच त्या लाइनमनला, त्या साहेबांना, आडव्या आलेल्या टेम्पोवाल्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

घरी आले तर खड्ड्याच्या कडेला चिखल. बाहेरचा निळा ड्रम काठोकाठ भरलेला, वर फळी, फळीवर वीट. धुण्याच्या बादल्या, घमेलं, कुंडीत पाणी घालायची झारीसुद्धा भरलेली. मोटर घरात कुलपाआड. म्हणजे कुणीतरी खड्ड्यात उतरून, डब्यानं उपसून, एकेक बादली वर काढून ड्रममध्ये ओतली होती.

मी तशीच शेवटच्या घरी गेले. आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा ड्रम आडवा केलेला होता, आणि त्या वाटीनं त्याच्या तळातलं गढूळ पाणी कळशीत घेत होत्या, फडक्यातून गाळत.

"तुमच्याकडं आलं नाही?" मी विचारलं.

"आलतं की, धार आलती," आजी म्हणाल्या. "हे तिकडं तुमच्या दारात. कुलूप दिसलं म्हून थांबले, येताल म्हून. मंग म्हणले, नळ वाया चाललाय. मला काय त्या खड्ड्यात वाकता येत न्हाई. हे यीस्तोवर गेलं."

आजोबा आत भिंतीला टेकून बसले होते. धोतर गुडघ्याच्या वरपर्यंत ओलं होऊन वाळलेलं, चिखलासकट. मला बघून ते उठायला लागले, मी नको म्हटलं. मला काहीतरी रागावून बोलायचं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं काहीतरी.

"फोन नीट झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"मग झ्याक झालं," ते म्हणाले. "आता यायचं काम न्हाई."

मी त्यांचा ड्रम उभा केला आणि घरून भरलेल्या बादल्या आणू लागले. दोन्ही हातांत दोन, अख्खी गल्ली, परत रिकाम्या घेऊन. चौथ्या फेरीला माझे खांदे भरून आले, तेव्हा मला ते अंतर पहिल्यांदा कळलं. दोन महिने मी प्रत्येक ठिकाणी बरोबर होते. काउंटरवर बरोबर, शहागंजात बरोबर, नवऱ्यापुढं बरोबर, आणि माझ्या त्या बरोबर असण्यासाठी उन्हातून चालत होता एक गुडघे गेलेला म्हातारा. साधा फोन घ्यायला मला एक संध्याकाळ लागली असती. सहाव्या फेरीला आजींनी ड्रमच्या तोंडावर हात आडवा धरला. "बास करा बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हालाबी लागंल." मी त्यांचा हात बाजूला केला आणि ओतत राहिले.