छातीतला फुगा

दुबईजवळच्या फुजैराच्या समुद्रात डायव्हिंग शिकवणारा चाचा रत्नागिरीचा. नवशिक्यांना फुगा दाखवायचा, "दहा मीटर खाली दाब दुप्पट, फुगा अर्धा. वर आणला की पुन्हा मोठा. पाणी वर-खाली तेवढंच कोमट, म्हणून हिशोब सरळ, हबीबी!"

मी विहिरीत पोहायला शिकलेलो. दम धरण्यात तालुक्यात पहिला! दहा मीटर खाली बसएवढा मासा दिसताच पाठीवरच्या टाकीतली हवा छातीत कोंडून वर सुटलो. चाचानं पाय धरला आणि पोटात असा ठोसा हाणला, की माझ्या बुडबुड्यांनी इराणची होडी हलली!

वर आल्यावर तो म्हणाला, "विहिरीत वरची हवा नेतोस, भाऊ. इथे खालची भरलीस. वर येता येता ती दुप्पट झाली असती आणि छाती फुटली असती."

चाचाचं खरं नाव विचारायलाही मला सुचलं नाही. मी नुसता श्वास सोडत बसलो.