पारड्यातून उतरलेल्या बाई

बाईंनी उजवा पाय पारड्याबाहेर टाकला तेव्हा समोरच्या पारड्यात पेढ्यांचा आणखी एक खोका चढत होता. काटा मोंढ्यातून आणलेला, धान्याची पोती तोलायचा. त्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. बाई उतरल्या आणि पेढ्यांचं पारडं दणकन खाली टेकलं. सनईची टेप वाजत राहिली. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

शेजारी सत्कार समितीचे अध्यक्ष उभे होते. ते माझे वडील. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही. फुलंब्रीच्या पलीकडच्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचे अध्यक्षही तेच. पेढ्यांचा खवा सोसायटीच्या दुधाचा होता. घराघरांनी त्यासाठी सकाळची धार राखून ठेवली होती. अण्णांना वाटलं, बाईंना चक्कर आली. त्यांनी खुर्ची मागवली. बाईंनी खुर्ची नको म्हणून सांगितलं. ध्वनिक्षेपकाकडे त्या गेल्या नाहीत. होत्या तिथूनच बोलल्या.

"अण्णा, ज्या वासरांच्या तोंडचं दूध आटवून हे पेढे केलेत, ती वासरं माझ्या हातून जन्माला आली. त्यांच्या वाट्यानं मला तोलू नका."

मंगल कार्यालयात बसलेल्या बहुतेकांना हे ऐकू गेलं. अण्णांचा चेहरा उतरला.

"मंजी आमचं दूध इटाळलं व्हय, डॉक्टरीणबाई? मग आमच्या गावात आता पाय नका ठेवू."

डॉ. इंदुमती गव्हाणे यांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्या वेळच्या सत्कारात घडलेला हा प्रसंग. आता बाईंना पंचाहत्तर वर्षं होत आहेत आणि हा गौरवग्रंथ निघतो आहे. संपादकांनी मला प्रेमानं सुचवलं की शुभकार्यात तो प्रसंग नको, गाळावा. मी गाळत नाही. तो गाळला तर उरेल ते कुठल्याही सेवानिवृत्त अधिकाऱ्याचं चरित्र असेल.

शिवाय त्या दिवशीची चूक बाईंची नव्हती. माझी होती. बाईंनी दूध कधी सोडलं आणि का सोडलं, हे त्या कार्यालयात फक्त मला आणि त्यांच्या दवाखान्यातल्या रफीकभाईंना माहीत होतं. समितीत पेढेतुलेचा ठराव झाला तेव्हा मी हजर होते. अण्णांचा उत्साह मोडवेना, म्हणून गप्प बसले. बाईंना आयत्या वेळी कळलं. खोक्यांत काय आहे हे त्यांनी पारड्यात बसल्यावर पाहिलं.

बाईंचा जन्म पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षातला. वडील निजामी अमलात उर्दू शाळेत मास्तर होते, नंतर मराठी शाळेत. घरात दोन्ही भाषा. मुलीनं जनावरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा नातलगांना दोन्ही भाषांत हसू आलं, असं त्या सांगतात. तालुक्याच्या दवाखान्यात त्या रुजू झाल्या तेव्हा लोक आधी विचारायचे, साहेब कुठं आहेत. काही वर्षांनी तेच लोक साहेब नकोत, बाईच पाठवा म्हणू लागले.

माझी त्यांची ओळख आमच्या गोठ्यात झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. अण्णांनी गाय भरवायला बाईंना बोलावलं होतं. मोटारसायकलला मागे नायट्रोजनचं भांडं बांधलेलं, त्यात परदेशी वळूंच्या वीर्याच्या कांड्या. बाईंनी बाही वर केली आणि काम करता करता मला विचारलं, काय शिकतेस, पुढं काय. माझ्याआधी अण्णा बोलले. पुढं काय, लग्न.

बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "गायीसाठी तालुक्याहून डॉक्टर आणता. पोरीसाठी जिल्ह्याला जायला का जड जातं तुम्हाला?"

अण्णा हसले. बाईंचं बोलणं त्यांना लागत नसे. त्या आमच्या गावात संकरित गाय घेऊन आल्या होत्या. पत्र्यांच्या जागी स्लॅब आले ते त्या गायींवर. जूनमध्ये मी जिल्ह्याला एम.ए.साठी आले आणि दोन वर्षं तिथल्या हर्सूल भागात बाईंच्या घरी राहिले. भाड्याचा विषय मी काढला की त्या भांडी घासायला उठत.

त्या दोन वर्षांतल्या एका संध्याकाळी बाई घरी आल्या आणि त्यांनी स्वतःच्या चहात दूध घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी विचारलं. शेजारच्या एका गावी त्या आजारी गाय बघायला गेल्या होत्या. गोठ्यामागे उकिरड्याच्या कडेला एक वासरू बांधलेलं दिसलं. बरगड्या वर आलेल्या, जिभेनं दावं चाटत होतं. हे इथं का, असं त्यांनी विचारलं. घरधनी सरळ माणूस. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "गोऱ्हा हाय. संकरित. ना औताला, ना गाडीला. दूध कशाला घालू त्याला? तुम्हीच तर भरवली होती गाय." आरोप म्हणून तो बोलला नव्हता. बाईंना ओळख पटावी म्हणून सांगत होता.

बाईंनी गायीला इंजेक्शन दिलं, वासराला सलाईन लावलं आणि घरी आल्या. वासरू दोन दिवसांनी गेलं.

माझं दूध मात्र बंद झालं नाही. सकाळी पाकीट यायचं आणि बाई स्वतः ते तापवून माझ्यासमोर ठेवायच्या. मला संकोच वाटला. त्या म्हणाल्या, कुणाच्या वाट्याचं आहे ते तुला कळलं आहे, आता सोडायचं तेव्हा तू सोड. मला आठ महिने लागले.

नोकरी त्यांनी सोडली नाही. निवृत्तीपर्यंत गायी भरवत राहिल्या. हा दुटप्पीपणा आहे असं कुणी म्हणण्याआधी बाईच म्हणतात. त्यांनी त्याला कधी सबब दिली नाही. एवढं केलं की ज्या गोठ्यात गोऱ्हा झाला तिथं त्या पुढच्या आठवड्यात न बोलावता वासरू बघायला जात. लोकांना ती बाईंची माया वाटे.

त्या सत्कारानंतर हर्सूलच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी रविवारी स्वयंपाक शिकवायला सुरुवात केली. व्हेगन हा शब्द पाटीवर नाही. बाईंना तो लांबून आलेला वाटतो. पाटीवर 'बिनदुधाचं जेवण' एवढंच आहे. येणाऱ्याला त्या पहिल्यांदा ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कारळाची चटणी आणि मिरचीचा ठेचा वाढतात. मग विचारतात, यात काय कमी आहे? मराठवाड्यातल्या गरिबाच्या ताटात दूध-तूप होतंच किती? सणाला. बाकी वर्षभर माणसं याच जेवणावर राबली. नवीन काहीच मी शिकवत नाही, असं त्या म्हणतात. त्यानंतर शेंगदाण्याचं दही लावायचं कसं आणि तिळाच्या दुधात खीर फाटू नये म्हणून काय करायचं, ते शिकवतात. त्यांची पहिली खीर फाटली होती. ती आम्ही तिघांनी खाल्ली.

तिसरे रफीकभाई. बाईंच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, निवृत्तीनंतरही रोज येतात. त्यांना साखरेचा आजार. बाईंनी त्यांच्या मागे लागून ताट बदलायला लावलं. कडधान्य, पालेभाजी, ज्वारी. गोश्त जुम्म्यापुरतं, मग तेही नाही. त्यांच्या डॉक्टरांनी वर्षभरानं एक गोळी कमी केली. बाई श्रेय घेत नाहीत. रफीकभाई पहाटे चालायलाही लागले होते, असं सांगतात. रफीकभाईंच्या घरी ईदला बाईंसाठी वेगळा दालचा होतो. पहिल्या वर्षी तो वाढताना ते म्हणाले, "मॅडम, आपके वास्ते दालचे में से बकरा निकाल दिया. अब दालचा हमकूच पहचानता नहीं." बाईंनी दोनदा मागून घेतला.

त्या स्वतः बी-बाराची गोळी घेतात, आणि डबी जेवणाच्या टेबलावर ठेवतात, आत लपवत नाहीत. एका पाहुण्यांनी टोमणा मारला, गोळ्या घ्याव्या लागतात तर हे नैसर्गिक कसं? बाई म्हणाल्या, "गायीला वळू कधी दिसला नाही. माझी कांडी दिसली. तिथं निसर्ग कुठं होता?"

दुष्काळाच्या वर्षी चारा छावणीवर त्यांची नेमणूक होती. उसाचे वाढे ट्रकनं येत, पाणी टँकरनं. तेव्हापासून त्या एक गोष्ट प्रत्येक सभेत सांगतात. आपल्याकडे पाऊस पडतो ज्वारीपुरता. आपण गाय आणली ती ओल्या मुलखातली, आणि तिला जगवायला ज्वारीच्या रानात हिरवा चारा लावला. ती आणणाऱ्यांत मी होते, हेही सांगतात. सभेतले शेतकरी विचारतात, मग आम्ही काय खायचं? बाई थापा मारत नाहीत. "पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. पण उत्तर नाही म्हणून प्रश्न खोटा होत नाही."

एकदा शहरातले काही प्रतिष्ठित गृहस्थ त्यांच्याकडे निवेदन घेऊन आले. आमच्या वसाहतीजवळची मटणाची दुकानं हलवावीत, त्यावर पहिली सही प्राणिप्रेमी डॉक्टरांची असावी. बाईंनी त्यांना बसवलं, कोरा चहा दिला. एकांनी दूध मागितलं. बाई म्हणाल्या, "दुधाची गाय आटली की ती कुठं जाते, ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. आधी घरचं पाकीट बंद करा. मग दुकानदाराकडं बोट दाखवू." सही झाली नाही. गृहस्थ चहा न संपवता गेले. रफीकभाईंनी नंतर विचारलं, मॅडम, ये लोग तो आपकेच पार्टी के थे ना? बाईंनी कप उचलले.

बाईंना या शहरात दोन्हीकडचे लोक आपलं मानत नाहीत, त्याची ही गोष्ट. त्यांनी कुणाचं मन राखायला शब्द फिरवला नाही. माझ्या वडिलांचंही राखलं नाही.

पेढेतुलेनंतर अण्णांनी बाईंचं नाव घेणं सोडलं. घरात मी त्यांचा विषय काढला की ते उठून जात. गावानं अध्यक्षांचं पाहून बाईंना बोलावणं बंद केलं. तीस वर्षांचं येणं-जाणं एका दिवसात थांबलं. बाईंनी माफी मागितली असती, निदान तब्येतीचं कारण सांगितलं असतं, तर गाव विरघळलं असतं. मी त्यांना तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "अण्णा माझ्यावर रागावलेत ते चालेल. ते माझ्याबद्दल फसलेले राहिले, तर ते मला चालणार नाही."

चार महिन्यांनी आमची गाय अडली. दुपार होती. वासराचं एकच खूर बाहेर दिसत होतं. सरकारी डॉक्टर कुठल्यातरी शिबिराला लांब गेलेले. अण्णांनी दोन जाणत्या माणसांना बोलावलं, त्यांनीही हात टेकले. गाय बसली ती उठेना. मी सुट्टीला घरी होते. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "लाव फोन बाईंना. ह्यांचं मी बघते."

बाई रफीकभाईंच्या स्कूटरवर मागे बसून आल्या. अण्णा गोठ्याच्या दाराशी होते. ते बाजूला झाले नाहीत आणि अडवलंही नाही. बाई त्यांच्या कडेनं आत गेल्या, बाही वर केली, हाताला साबण लावला. वासराचा एक पाय आत मागे दुमडला होता. तो सरळ करायला अर्धा तास गेला. बाईंचा श्वास लागला होता. साठीच्या बाईंनी गोठ्याच्या फरशीवर आडवं पडून ते काम केलं. मग दोर बांधला. रफीकभाईंनी ओढून पाहिलं, एकट्यानं होईना.

"अण्णा," बाई म्हणाल्या, "दोर धरा."

अण्णांनी धरला. बाई सांगतील तेव्हा दोघं ओढत, थांब म्हणाल्या की थांबत. वासरू आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. गायीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली. अण्णांनी वाकून पाहिलं आणि फक्त एवढं म्हणाले, गोऱ्हा.

तोवर शेजारीण चिकासाठी स्टीलचं भांडं घेऊन दारात आली होती. व्यालेल्या गायीचा पहिला चीक खरवसाला वाटायचा, ही आमच्याकडची रीत. बाईंनी ते भांडं पाहिलं. हात धुता धुता अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही मला गावात पाय ठेवू नका म्हणालात. पुन्हा म्हणा. पण चीक त्याचा आहे. त्याला पोटभर पाजा."

बाई चहा न घेता निघाल्या. स्कूटर वळेपर्यंत आई दारात उभी होती.

अण्णांनी दुधाचा धंदा सोडला, असं लिहिता आलं असतं तर हा लेख जास्त गोड झाला असता. त्यांनी सोडला नाही. अखेरपर्यंत डेअरीला दूध घातलं. बाईंनीही त्यांना अखेरपर्यंत तोंडावर सांगितलं की हे चूक आहे. पण ते सांगायला त्या आमच्या घरी येत राहिल्या, आणि अण्णा त्यांच्यासाठी कोरा चहा सांगत राहिले.

बाई, पंचाहत्तरीला आम्ही तुम्हाला कशातही तोलणार नाही. तुमचे गुडघे चालत राहोत, हात थरथरू नयेत, आणि आवाज आज आहे तसाच राहो, आम्हाला टोचणारा. आमच्यातल्या पुष्कळांनी अजून काही सोडलेलं नाही. त्यांना रोज तोंडावर सांगायला तुम्ही पुष्कळ वर्षं हव्या आहात.

तो गोऱ्हा जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बादली न घेता गोठ्यात गेले. त्यांनी त्याचं दावं सोडलं आणि तो पिऊन बाजूला होईपर्यंत उभे राहिले. आईनं शेजारणीचं भांडं रिकामं परत केलं.